नाशिक–इंदूर, डाव्या खुर्चीतून

परेराचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या भाड्याच्या खोलीत गणवेशाला इस्त्री करत होते. चार्टर कंपनीत कॅप्टन असणं म्हणजे मुख्यतः हेच: इस्त्री केलेला गणवेश, भरलेली बॅग आणि कधीही वाजू शकणारा फोन. या ब्लॉगवर कॉमेंट लिहिणाऱ्या पुष्कळांना वाटतं की आम्ही रोज ढगांवर असतो. आम्ही बहुतेक वेळ जमिनीवर तयार होऊन बसलेलो असतो, आणि ज्याच्यासाठी बसतो तो माणूस उशिरा येतो. विमान भाड्याने घेणाऱ्याला वेळेवर यायची गरज वाटत नाही. त्याच्या मते उशिरा यायचेच तर पैसे त्याने दिलेले असतात.

परेरा आमचा ऑपरेशन्स मॅनेजर. कोणतं विमान, कोणता वैमानिक, कुठे पाठवायचा हे तो ठरवतो, म्हणजे सेठने ठरवलेलं तो सांगतो. सेठ म्हणजे कंपनीचे मालक.

"मॅडम, नाशिक–इंदूर–नाशिक. साखरपुडा आहे, मुलाकडची मंडळी. आज संध्याकाळी रिकामं विमान घेऊन नाशिकला जा, उद्या सकाळी त्यांना उचल, परवा परत आण."

"ठीक आहे."

"एक छोटी गोष्ट आहे."

परेराची छोटी गोष्ट म्हणजे ज्यासाठी त्याने मुळात फोन केलेला असतो ती.

गिऱ्हाईक होते नाशिकचे नानासाहेब. पिढ्यान्‌पिढ्या फुलांची आणि भाजीपाल्याची शेती. शहर वाढत वाढत त्यांच्या मळ्यांपर्यंत आलं, मळ्यांचे प्लॉट झाले आणि नानाचे नानासाहेब झाले. निवडणुकीचाही विचार होता, त्यामुळे वर्षभर सतत कुठेतरी उडावं लागणार होतं, आणि सेठला हे गिऱ्हाईक हवं होतं. नानासाहेबांची एकच अट होती: बाई पायलट नको. त्या आठवड्यात आमचे दुसरे कॅप्टन काविळीने अंथरुणावर होते. उरले मी.

सेठचा तोडगा असा. सहवैमानिक चिटणीस यांनी खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या लावायच्या, पाहुण्यांचं स्वागत करायचं, हात मिळवायचे. मी सहवैमानिकाच्या तीन पट्ट्या लावायच्या आणि शक्यतो गप्प राहायचं. कागदोपत्री कमांड माझीच, उडवणार मीच, जबाबदारी माझीच. फक्त चेहरा चिटणीसांचा.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"सेठ बोलतात, हे गिऱ्हाईक तुझ्यामुळे गेलं तर तू परत उजव्या खुर्चीत." परेराने पुढे जोडलं. "मी नाही बोलत. सेठ बोलतात."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विमानात कॅप्टन डावीकडे बसतो, सहवैमानिक उजवीकडे. डावीकडे येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. त्यासाठी मी जे उड्डाणतास जमवले, ज्या परीक्षा दिल्या, त्यांचा पाढा इथे वाचत नाही. खुर्ची एकदा गेली की परत मिळायला दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि लहान कंपनीत कधीकधी मिळतच नाही. मी हो म्हटलं. पट्टी हे कापड आहे असं स्वतःला सांगितलं.

चिटणीसांबद्दल थोडं. वय पन्नाशीच्या पुढे, केस पांढरे, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. आयुष्य औषध कंपनीच्या विक्रीत गेलं, चाळिशीनंतर साठवलेल्या पैशातून लायसन्स काढलं. कमांडची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा राहिली. कॅप्टनसारखं दिसण्यात मात्र मुंबईत त्यांच्या तोडीचा माणूस नाही.

पहिला दिवस: मुंबई ते नाशिक

मुंबई–नाशिक हवेत अर्ध्या तासाचं अंतर आहे. त्याआधी धावपट्टीच्या रांगेत मोठ्या विमानांच्या मागे आम्ही त्याहून जास्त वेळ उभे होतो. विमान भाड्याने घेतल्यावर रांग चुकते असा ज्यांचा समज आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. खर्चाचं म्हणाल तर आमच्या दोन इंजिनांच्या आठ आसनी विमानाचं भाडं तासावर लागतं, आणि ते रिकामं आणायचे-न्यायचे तासही तुमच्याच बिलात. नाशिकहून इंदूरला जाणारा माणूस मुंबईहून नाशिकला येणाऱ्या रिकाम्या खुर्च्यांचेही पैसे देतो. हे त्याला बिल आल्यावर कळतं.

इगतपुरीच्या वर डोंगर मावळतीच्या उजेडात तांबूस दिसत होते, खाली धरणांचं पाणी. सुंदर होतं. चिटणीसांनी ते मोठ्याने सांगितलंही. मी त्यांना उंची वाचायला सांगितली.

नाशिकची धावपट्टी शहराबाहेर, आग्रा रोडने पुढे. तिथे रिक्षा मिळत नाही, चहासुद्धा मिळत नाही, त्यामुळे गाडी आधीच सांगून ठेवा. चिटणीसांना मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलवर सोडलं आणि मी इंदिरानगरला आई-बाबांच्या घरी गेले. कंपनीचं एका खोलीचं भाडं वाचलं. मला आईच्या हातचं पिठलं मिळालं.

सकाळी निघताना बाबा दारात पेपर घेऊन उभे होते. ते कारखान्यात आयुष्यभर मोजमाप तपासण्याच्या कामावर होते. त्यांच्या नजरेतून मिलिमीटर सुटत नाही.

"एक पट्टी कमी दिसते."

"धुवायला टाकलीय."

"एकच?"

"बाबा, गाडी खाली थांबलीय."

आईने डबा हातात दिला आणि मी लहान असल्यासारखं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. डिसेंबरात नाशिकला सकाळी बोटं आखडतात. जाणार असाल तर हातमोजे न्या.

दुसरा दिवस: पूजा

उड्डाणाआधी कॅप्टन विमानाभोवती एक फेरी मारतो. चाकं, पंखे, पंखांच्या कडा, झाकणं, सगळं डोळ्यांनी आणि हातांनी बघायचं. आमच्या विमानाच्या नाकाखाली दोन्ही बाजूंना बोटाएवढी एकेक नळी आहे. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते, त्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. डावी नळी कॅप्टनसमोरच्या वेगाच्या तबकडीची, उजवी सहवैमानिकाच्या. उभ्या विमानावर या नळ्यांना लाल टोप्या घालून ठेवतात, कारण एखादा किडा आत शिरला तरी वेग चुकीचा दिसतो. मी फेरी मारली, टोप्या काढल्या, आणि चिटणीसांना म्हणाले, "मी आत जाऊन बाकीची तयारी करते. तुम्ही इथेच उभे राहा. नाकाला कोणी हात लावायचा नाही."

"निश्चिंत राहा, मॅडम." त्यांनी खांद्यावरून हात फिरवला. चार पट्ट्या होत्या तिथे.

मंडळी तासभर उशिरा आली. तीन गाड्या थेट विमानापर्यंत आल्या. परवानगी कोणी दिली हे मी विचारलं नाही, अशा माणसांबाबतीत ते विचारायचं नसतं. नानासाहेब उतरले: पांढरा सफारी, दोन मोबाइल, एका हातात चार अंगठ्या. मागून त्यांच्या पत्नी, नवरा मुलगा, दोघे काका, आणि शेवटी थोरली बहीण, अक्का. नऊवारी, पायात स्पोर्ट्‌स शूज, हातात पूजेचं ताट. अक्का उतरल्यावर नानासाहेबांनी फोन खिशात ठेवला, यावरून घरात कोणाचं चालतं ते समजलं.

नानासाहेबांनी माझ्याकडे बघून चिटणीसांना विचारलं, "ही पोरगी काय, हवाईसुंदरी का?"

"आमच्या सहकारी आहेत," चिटणीस म्हणाले.

"बरं बरं. कॅप्टनसाहेब, आमचं कसं हाय, ट्रॅक्टर असो का मर्सिडिज, पूजेबिगर चाक हलत नाय. पाच मिनिटं."

"अवश्य. श्रद्धा महत्त्वाची."

मी आत जाऊन डाव्या खुर्चीत बसले. याने काही बिघडत नाही याची सेठला खात्री होती, आणि सेठचं बरोबर होतं. आपल्याकडे गाडीचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या खुर्चीत पांढऱ्या केसांचा माणूस दिसला की चालवणारा तोच, आणि शेजारी बसलेली बाई नुसतीच बसलेली. नानासाहेबांनी दारातून डोकावून हे ताडलंही. "तुम्ही हिकडं बसनार ना?" त्यांनी उजव्या खुर्चीकडे बोट दाखवलं. चिटणीस हो म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

नाकाखाली काय चाललंय ते कॉकपिटमधून दिसत नाही. अक्काचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "आधी तोंडाची, मग चाकाची. घाई करू नगा. शेवंती आपल्या मळ्यातली हाय ना? मग बाजारातली कशाला आनली?" मग नारळ फुटला. मग कोणीतरी म्हणालं, "अगं अक्का, कॅप्टनसाहेबांचा हार राह्यला की," आणि सगळे तिकडे वळले. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले.

मी खाली उतरून बघायला निघाले तर जिन्यावर मंडळी चढायला लागली होती. आमचा जिना एका माणसाच्या रुंदीचा आहे. मी दारातूनच विचारलं, "चिटणीस, नाकाला कोणी हात लावला नाही ना?"

गळ्यातला हार सावरत ते म्हणाले, "छे, छे. फक्त चाकाला."

उड्डाणाची परवानगी मिळाली. विमान धावायला लागलं. मागे कोणीतरी दणक्यात "गणपती बाप्पा" म्हटलं.

धावताना एका ठरावीक टप्प्यावर दोन्ही तबकड्यांवरच्या सुया उठायला हव्यात, आणि सहवैमानिकाने ते बघून मोठ्याने सांगायचं असतं. चिटणीसांनी सांगितलं, "दोन्हीकडे वेग आहे." ते हे गेली कित्येक वर्षं सांगत आलेत आणि कित्येक वर्षं ते खरं होतं.

माझी सुई शून्यावर होती.

मी दोन्ही इंजिनांचा जोर काढला, ब्रेक दाबले. धावपट्टी भरपूर उरली होती. विमान थांबलं. मागे "मोरया" कोणी म्हटलं नाही.

परत येऊन उभं केलं, इंजिनं बंद केली, खाली उतरले. उजवी नळी स्वच्छ. डाव्या नळीवर ओलं कुंकू, त्यावर अक्षता, आणि तोंडात शेवंतीची पाकळी अशी नीट बसवलेली की जाणूनबुजून बसवायची म्हटली असती तर जमलं नसतं. अक्काने डावीकडून सुरुवात केली होती. उजवीकडे जाण्याआधीच सगळ्यांनी त्यांना हार घालायला बोलावलं. चिटणीसांचा सत्कार झाला म्हणून चिटणीसांची नळी वाचली.

नानासाहेब जिन्यावरून उतरत थेट चिटणीसांकडे गेले. "काय झालं कॅप्टनसाहेब?"

"थोडी तांत्रिक अडचण. म्हणजे, एका बाजूचा वेग दिसत नाही." ते घुटमळले. "तसं बघायला गेलं तर माझ्या बाजूचं चालू आहे."

"मग तुमच्याच बाजूनं चालवा की. तुम्हीच चालवताय ना? ती बाई कशाला पायजे मग?"

नवरा मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजचा होता. तो नळीपाशी वाकला आणि म्हणाला, "आत फुंकर मारू का?" एका काकांनी खिशातून दात कोरायची काडी काढली. मी दोघांच्या आणि नळीच्या मध्ये उभी राहिले. आत ढकललेलं कुंकू पुढे बारीक नळीत जातं. फुंकर मारली तर तबकडी कायमची निकामी होऊ शकते. नळी उघडून धुवून, दाब तपासून, इंजिनिअरने सही केल्याशिवाय विमान उडत नाही. हे मी सांगितलं. ऐकलं कोणीच नाही, कारण मी तीन पट्ट्यांची होते.

परेराचा फोन आला. नानासाहेबांनी माझ्याआधी त्याला फोन केला होता, हे उघड होतं.

"मॅडम, एक बाजू चालू आहे ना? आकाश मोकळं आहे. पाऊण-एक तासाचं काम आहे."

"मग तसं लेखी पाठव. आत्ता."

परेराने फोन दुसऱ्या हातात दिला. मग सेठचा आवाज. सेठ बोलायला लागले की "बेटा" म्हणतात. जितका राग जास्त तितकं गोड. "बेटा, मुहूर्त आहे त्या लोकांचा. आपल्याला पुढे वर्षभर त्यांच्याबरोबर काम करायचंय. तुला डावीकडे बसायचंय की नाही, ते तू आज ठरव."

"ठरवलंय. विमान उभं राहील. इंजिनिअर पाठवा."

मी फोन ठेवला.  नानासाहेब अजून चिटणीसांसमोर उभे होते.

"कॅप्टनसाहेब, तुम्ही सांगा. जायचं का नाय? तुमचा शब्द आमाला पुरे हाय."

चिटणीसांच्या गळ्यात हार, खांद्यावर चार पट्ट्या, समोर त्यांचा शब्द मागणारा कोट्यधीश. आयुष्यात त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं. ते आकाशाकडे बघून म्हणाले, "हवामान तर उत्तम आहे..."

"या विमानाची कॅप्टन मी आहे," मी म्हणाले. "हे सहवैमानिक आहेत. विमान आत्ता उडणार नाही. तुमच्या गाड्या अजून इथे आहेत. लगेच निघालात तर संध्याकाळपर्यंत इंदूरला पोचाल. परत आणायला आम्ही उद्या येऊ."

नानासाहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चिटणीसांकडे, मग हाराकडे.

"म्हंजे? मग आमी हार कुनाला घातला?"

याचं उत्तर चिटणीसांनी द्यायला हवं होतं. ते हाराची गाठ सोडवायला लागले. नानासाहेबांनी मग सेठचं नाव घेऊन जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. माझ्याबद्दल म्हटलं ते एका वाक्यात: या बाईला उद्या नोकरीवर ठेवलं तर त्यांचं नाव नानासाहेब नाही.

अक्का विमानाच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "नाना, गाड्या वळव."

दुसरा दिवस, उरलेला

इंजिनिअर मुंबईहून गाडीने कसारा घाटातून आला. तो येईपर्यंत मी आणि चिटणीस विमानाच्या सावलीत बसून आईचा डबा खात होतो. पोळी, मेथीची भाजी, ठेचा. डबा दोघांना पुरला. नाशिककरांना ठेच्याचं प्रमाण कळतं.

"मी हो म्हणणार नव्हतो," चिटणीस म्हणाले.

"नाहीही म्हणाला नाहीत."

त्यांनी बराच वेळ पोळीचा तुकडा भाजीत फिरवला. "सकाळी हॉटेलच्या आरशात फोटो काढला. चार पट्ट्यांचा. बायकोला पाठवला."

"फोटो ठेवा. पट्ट्या द्या."

त्यांनी दिल्या. हार कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना, शेवटी गाडीच्या डिकीत टाकला.

इंजिनिअरने नळी सोडवली आणि आतलं बाहेर काढलं. कुंकवाचा लगदा आणि तांदळाचे दाणे. त्याने ते कागदावर घेतलं, वास घेतला, म्हणाला, "नारळाचं पाणीपण आहे." मी त्याच दिवशी घटनेचा अहवाल लिहिला: नळी कशाने बुजली, फेरी कधी मारली, पूजा कधी झाली, विमानाजवळ कोण उभं होतं, मी खाली न उतरता कोणाच्या शब्दावर निघाले. कमांडरच्या रकान्यात माझं नाव. परेराचा मेसेज आला, पूजेचा उल्लेख टाळता येईल का. मी लिहिलं, नाही.

तिसरा दिवस: इंदूर आणि परत

सकाळी चार पट्ट्या लावून निघाले. बाबांनी पट्ट्या मोजल्या आणि पेपर उघडला.

नाशिकहून इंदूरला विमान आग्रा रोडच्या बाजूबाजूने जातं. चांदवडचे सुळके, मग मालेगाव, पसरलेलं आणि दाट, मग सपाट खानदेश, तापी, सातपुडा, नर्मदा. खाली रस्त्यावर ट्रकांची रांग मुंग्यांसारखी दिसते असं लिहायची पद्धत आहे. मला ती ट्रकांच्या रांगेसारखीच दिसली. हा रस्ता गाडीने करणार असाल तर पहाटे निघा. चौपदरीकरणाचं काम कुठे चालू आहे, हे कंत्राटदारालाही नीट माहीत नाही.

इंदूरला उतरल्यावर विमानतळाबाहेरच्या हातगाडीवर पोहे-जिलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि बडीशेप, बाजूला गरम जिलेबी. एका प्लेटला किरकोळ पैसे. या तीन दिवसांत एवढी एकच गोष्ट वेळेवर मिळाली.

मंडळी अर्थातच उशिरा आली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आग्रा रोड दिसत होता. नवरा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मालेगावात सुताच्या गाठोड्यांचा ट्रक आडवा झाला होता. तासभर हलता आलं नाही. एक रिक्षावाला पप्पांना म्हणाला, इतकीच घाई असेल तर विमानाने जायचं होतं." तो हसला, वडिलांनी बघितलं तसा गप्प झाला. मुहूर्त हुकला होता. मुलीकडच्या गुरुजींनी दुसरा काढून दिला. गुरुजींकडे दुसरा नेहमी असतो.

नानासाहेब माझ्याशी बोलले नाहीत, चिटणीसांशीही नाही. सरळ जाऊन खुर्चीत बसले. मी विमानाभोवतीची फेरी सगळे चढल्यावर मारायचं ठरवलं होतं. अक्का मात्र चढल्या नाहीत. त्या माझ्या मागोमाग चालत होत्या.

"मग तो म्हातारा कोन?"

"सहवैमानिक."

"मग पुढं पुढं का करत व्हता?"

"तुमच्या भावाला बाई कॅप्टन नको होती."

"माझ्या भावाला लय गोष्टी नको असत्यात." त्या नळीपाशी थांबल्या. त्यांनी हात पुढे केला नाही, पण मी मध्ये उभी राहिलेच. "हितंच ना? हितं कुंकू गेलं?"

"हो."

"म्या लावलं."

"माहीत आहे."

आता त्या काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. चुकलं, बाई, माहीत नव्हतं, असं काही. अक्का तशा बायकांपैकी नाहीत. काल दिवसभर गाडीत बसून त्यांनी या प्रकरणाचा वेगळा उलगडा केला होता आणि आता तो मला ऐकवायचा होता.

"ह्याला कुंकवानं काय बी होत नाय. आमी ट्रॅक्टरला किलोनं लावतो. हार चुकीच्या मानसाला घातला, म्हनून यंत्रानं अडून दाखवलं. देवाला फसवनूक चालत नाय."

"नळी बुजली होती, अक्का. सुई शून्यावर होती."

"तेच म्हन्ते मी."

त्यांनी पिशवीतून हार काढला. ताजा, इंदूरचा. मी म्हणाले, उडायच्या आधी नाही आणि विमानाजवळ तर नाहीच. त्यांनी वाद घातला नाही, हार पुन्हा पिशवीत ठेवला आणि जिन्यावरून वर जाऊन सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "नाना, हिच्याबिगर आता आपन इमानात बसायचं नाय."

नानासाहेबांनी खुर्चीचा पट्टा आवळला.

दोन्ही सुया उठल्या. नाशिकला उतरवलं, मंडळी गाड्यांत बसून गेली. जाण्याआधी अक्काने विमानापासून बरंच लांब, कुंपणापाशी, मला तो हार घातलाच. मी नको म्हटलं होतं. चिटणीसांनी फोटो काढला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मुंबई

सेठने ऑफिसात बोलावलं तेव्हा मी उत्तरं तयार ठेवली होती. कोणता नियम, कोणतं कलम, कुठली नोंद. एकही लागलं नाही. सेठ खुशीत होते. नानासाहेबांकडून वर्षभराचं काम नक्की झालं होतं, एका अटीसह. ती अट सेठने मला अशी सांगितली, जणू ती त्यांचीच कल्पना होती: "तूच पाहिजे त्यांना. बेटा, मी पहिल्यापासून म्हणत होतो."

मी म्हणाले, यापुढे माझ्या विमानावर पट्ट्यांची अदलाबदल होणार नाही, आणि मंडळी आत बसल्यावरच मी शेवटची फेरी मारणार, गिऱ्हाईक कोणीही असो. सेठ हो म्हणाले. त्या दिवशी ते कशालाही हो म्हणाले असते. माझा अहवाल त्यांच्या टेबलावर पडला होता. त्यांनी तो वाचला होता की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अंधेरीला खोलीवर आले, बॅग पुन्हा भरली, गणवेश धुवायला टाकला. लोक विचारतात, अशा प्रवासातून काय मिळालं. हिशोब सरळ आहे. मी बुजलेल्या नळीने उडायला नकार दिला, म्हणून खुर्ची जाणार होती. हार चुकीच्या गळ्यात पडला, म्हणून ती राहिली. माझं लायसन्स, माझे तास, माझा निर्णय, यांतलं काहीही या निकालात मोजलं गेलं नाही. आधी मी बाई म्हणून नको होते, आता शकुन म्हणून हवी आहे. उद्या विमानासमोरून मांजर गेलं तर अक्का तिसरं काहीतरी ठरवतील, आणि सेठ ते पहिल्यापासून म्हणत असतील.

तुम्ही विमान भाड्याने घेणार असाल तर दोन सूचना. पूजा करायचीच असेल तर जिन्याची करा. आणि चढण्याआधी कॅप्टन कोण हे नीट विचारून घ्या, कारण काही बिघडलं की नाही म्हणायचं काम त्या एकाच माणसाचं असतं. मला अक्कांनी शुभ मानलं की अशुभ, त्याने माझ्या त्या सकाळच्या उत्तरात फरक पडला नसता. पुढच्या गुरुवारी नानासाहेबांना नागपूरला न्यायचंय. मंडळी उशिरा येतील. मी डावीकडे बसलेली असेन.